ज्या महिन्यात तोंड आलं नाही

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा माझं पोट फार भराभर वाढलं. तिसऱ्या महिन्यातच पाचवा असल्यासारखं दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, जुळी असतील. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मुलुंडमधल्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र आणि गणित शिकवत होते. नवरा भांडुपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते वारल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. आम्हाला दोन खोल्या होत्या, पुढे गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला आठ बिऱ्हाडांत मिळून दोन संडास. संडासांचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वर्षभर माझी निम्मी ये-जा तिकडेच होती.

चौथ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे कळलं की पोटात मूल नव्हतंच. वारेच्या जागी पाण्यानं भरलेले लहानमोठे फोड होते, द्राक्षांच्या घोसासारखे. डॉक्टर त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. त्यांनी तो काढून टाकला आणि आठवड्यानं मला घरी पाठवलं. मी काही दिवस रडले, मग शाळेत जायला लागले. घरात बसून रडण्यापेक्षा सातवीच्या मुलींना अपूर्णांक शिकवणं बरं होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा अंगावरून जायला लागलं आणि त्याच सुमाराला खोकला सुरू झाला. एका सकाळी गॅलरीत चूळ भरताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. स्टेशनजवळ आमच्या घरच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. साठीला आलेला माणूस, चाळीतली निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मलेली. रक्त म्हटल्यावर आम्हा सगळ्यांच्या मनात क्षयच आला. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पोरी, हा क्षय नाही. दोन्ही बाजूंना गोल गोल डाग आहेत. तू त्या रुग्णालयातल्या बाईंकडे परत जा. उद्याच जा."

त्या बाई म्हणजे तिथल्या बायकांच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टर. सडपातळ, पंचेचाळिशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी फोटो पाहिला आणि मला सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून आणायला सांगितली.

त्या काळी ही परीक्षा बेडकावर करत. बाईची लघवी नर बेडकाला टोचायची. तिच्या अंगात गर्भाचा रस असेल तर दोन-तीन तासांत त्या बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू सापडतात. मी कॉलेजात बेडूक फाडलेली बाई, मला त्यात काही किळसवाणं वाटलं नाही. धक्का बसला तो निकालाचा. पोटात गर्भ नव्हता, तरी बेडूक 'हो' म्हणत होता. लघवीत शंभरपट पाणी घातलं तरी 'हो'च म्हणत होता.

डॉक्टरबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"हा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "वारेच्या पेशी मागे राहिल्या आणि वाढत सुटल्या. रक्तातून फुप्फुसात गेल्यात. चार-पाच वर्षांपूर्वी आला असतात तर तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता गोळ्या आहेत. अमेरिकेत काही बायकांना लागू पडल्यात. मी स्वतः दोघींना दिल्या."

"त्या दोघींचं काय झालं?"

"एक बरी आहे. दुसरी फार उशिरा आली होती."

मग त्यांनी गोळ्यांचं काम समजावून सांगितलं. जी पेशी भराभर वाढते तिची वाढ ह्या गोळ्या तोडतात. पण तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं अस्तरही भराभर वाढत असतं. दर थोड्या दिवसांनी जुनं जातं, नवं येतं. गोळीला कॅन्सर कुठला आणि आतडं कुठलं हे कळत नाही. "म्हणून तोंड येणार, जुलाब होणार," त्या म्हणाल्या. "केस जातील, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतील. पोट फार बिघडलं, शौचाला रक्त दिसलं, ताप आला, की त्या क्षणी इथे यायचं. वाट बघायची नाही."

"द्या," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. पण काल काय करायचं ते माहीत नव्हतं. आज माहीत आहे."

मी हे शौर्य दाखवायला बोलले नव्हते. माझा स्वभावच तसा. गणित कठीण असलं तरी चालतं, मांडता आलं पाहिजे.

पहिली फेरी रुग्णालयात झाली. रोज दहा बारक्या पिवळ्या गोळ्या, पाच दिवस. नर्स समोर उभी राहून गिळायला लावायची. चार दिवस काहीच झालं नाही आणि मला वाटलं, आपली प्रकृती दणकट आहे. सहाव्या दिवशी ओठ चुरचुरायला लागले. आठव्या दिवशी जीभ, गाल, टाळू सगळं सोलून निघालं. थुंकी गिळणंसुद्धा जड झालं. त्याच दिवशी पोटात मुरडा सुरू झाला आणि जुलाब लागले. आतडं आतून सोलल्यासारखं झालं असणार, कारण जे पोटात जाई ते तसंच्या तसं बाहेर येई. सलाईन लावलं. डॉक्टरबाई रोज बॅटरी घेऊन तोंडात पाहत आणि जाताना नर्सला हळू आवाजात काही सांगत. दोन आठवड्यांनी तोंड भरून आलं. बेडूक आता पन्नासपट पाण्यापर्यंतच 'हो' म्हणत होता.

दुसऱ्या फेरीला त्यांनी गोळ्या संपल्यावर मला घरी सोडलं. एक दिवसाआड रक्त तपासायला जायचं, बाकी घरी. तेव्हा आमच्या चाळीनं जे केलं ते मी कधी विसरले नाही. शेजारच्या गुजराती काकींनी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि दोनांतला एक संडास माझ्यासाठी ठेवायचा असं ठरवून टाकलं. त्याला कुलूप लावलं आणि किल्ली आमच्या दारातल्या खिळ्याला. आठ बिऱ्हाडांची माणसं सकाळी एकाच संडासापुढे रांग लावत होती. मी काकींना म्हटलं, "अहो, लोकांची किती गैरसोय होते."

"आमचं आम्ही बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "तू पळ."

सासूबाईंनी माझं पोट स्वतःच्या ताब्यात घेतलं. उकड्या तांदळाची पेज करायची, मीठ घालून पातळ, आणि अगदी गार झाल्यावर चमच्यानं पाजायची. एकदा त्यांनी कोकमाचं पाणी दिलं, ते जखमांना लागून मी किंचाळले. त्यानंतर आंबट, तिखट, गरम असं काही माझ्या आसपास आलं नाही. मी रडायला लागले की त्या म्हणायच्या, "पेज गिळ गो, मगे रड."

डॉक्टरबाईंनी दिवसाला किती जुलाब होतात ते लिहून ठेवायला सांगितलं होतं. मला त्या दिवसांत पेन्सिल धरायचं त्राण नव्हतं, नवरा दिवसभर कामावर. सासूबाई म्हणाल्या, "माका लिवक-वाचूक येना नाय, पण मोजूक येता." त्यांनी एक पितळी वाटी घेतली. मी संडासाकडून परत आले की एक चिंचोका वाटीत टाकायच्या. संध्याकाळी वाटी पालथी करून मोजायच्या. रक्त तपासायला गेलो की डॉक्टरबाईंना सांगायच्या, "सोमवारी सतरा, मंगळवारी चवदा, काल नऊ." डॉक्टरबाई तो आकडा तसाच कागदावर उतरवून घ्यायच्या. मला वाटतं, त्या माझ्यापेक्षा सासूबाईंवर जास्त विश्वास ठेवायच्या. मी बरं वाटतंय म्हणून सांगायची, चिंचोके काही तसं सांगत नसत.

दुसऱ्या फेरीनंतर तोंड लवकर भरेना. त्या सुमाराला घरचे डॉक्टर मला बघायला आले. मी तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, तोंड किती लाल झालंय," ते म्हणाले. "रक्तही नाही अंगात. मी तुला ताकद येईल असं देतो."

त्यांनी आठवड्यातून दोनदा लिव्हरच्या अर्काचं इंजेक्शन सुरू केलं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. बाळंतीण फिकी पडली, कुणाचं तोंड वरचेवर येऊ लागलं, की ते वर्षानुवर्षं हेच देत आणि माणसं बरी होत. मी बाटलीवरचं लेबल वाचलं. फॉलिक ॲसिड. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात जीवनसत्त्वांचा धडा होता. रक्त तयार व्हायला हे लागतं एवढं मला माहीत होतं. डॉक्टरबाई रक्त उतरल्याची काळजी करतात, हे रक्त वाढवतं, मग चांगलंच आहे. मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं नाही. लपवलं असं नाही, सांगायचं सुचलंच नाही. त्या विचारायच्या, "काही त्रास?" आणि मी त्रास सांगायची. व्हिटॅमिनचा मला काही त्रास नव्हता.

चार-पाच दिवसांत तोंड भरलं. मला जेवण जायला लागलं. मग तिसऱ्या फेरीसाठी पाच दिवस रुग्णालयात राहून आले. घरी आल्यावर तोंड सोलवटायची वाट बघत बसले. सहावा दिवस गेला, सातवा गेला, आठवा गेला. ओठ मऊ, जीभ साफ. पोटात जरा गुरगुरलं तेवढंच. सासूबाईंच्या वाटीत एका दिवशी दोन चिंचोके होते, दुसऱ्या दिवशी एक.

घरात सण असल्यासारखं झालं. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. "देवान आयकला," त्या म्हणाल्या. नवरा कारखान्यातून येताना चाफ्याची फुलं घेऊन आला. हा माणूस फुलं आणणाऱ्यांतला नव्हता, त्यामुळे ती कुठे ठेवायची हे आम्हा दोघांनाही कळेना. काकींना मी किल्ली परत द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे अजून महिनाभर." मला वाटलं, शरीराला गोळ्यांची सवय झाली. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

रुग्णालयात मी ताठ चालत गेले. सासूबाई बरोबर होत्या. डॉक्टरबाईंनी बॅटरी घेतली, तोंडात पाहिलं. बॅटरी खाली ठेवली, परत उचलली आणि परत पाहिलं.

"तोंड आलं नाही?"

"नाही."

"जुलाब?"

"एक दिवस दोन, एक दिवस एक."

त्या हसल्या नाहीत. "गोळ्या घेतल्यात ना सगळ्या?"

मला राग आला. "तुमची नर्स समोर उभी असते," मी म्हटलं.

"चिडू नका. विचारावं लागतं." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुमची परवाची परीक्षा आलीय. बेडूक पन्नासवरून वीसवर आला होता. आता परत ऐंशीवर गेलाय."

म्हणजे ज्या फेरीत मला काहीच झालं नाही, त्या फेरीत कॅन्सरलाही काही झालं नव्हतं.

"घरी आणखी काय घेता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पेज, ताक, वरणभात."

"जेवणाचं नाही विचारत. काहीही. काढा, चूर्ण, भस्म, टॉनिक."

मी 'नाही' म्हणणार इतक्यात सासूबाई बोलल्या. "आणि ती सुई? आणि घरच्या डॉक्टरान दिलेली ती बारकी पिवळी गोळी?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली पिवळी गोळी?"

मी नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुम्ही शास्त्र शिकवता ना? इकडे बघा." आणि त्यांनी कागदावर दोन आकृत्या शेजारी शेजारी काढल्या. षटकोन, त्याला चिकटलेला षटकोन, पुढे एक लांब शेपूट. दोन्ही जवळजवळ सारख्याच. एकीत दोन ठिकाणी त्यांनी गोल केले.

"ही फॉलिक ॲसिड. ही माझी गोळी. फरक एवढ्या दोनच जागी आहे. पेशी माझ्या गोळीला फॉलिक ॲसिड समजून आत घेते आणि तिथेच तिचं काम अडतं. तुम्ही बाहेरून खरं फॉलिक ॲसिडच एवढं भरलंत, की माझ्या गोळीची कुणाला गरजच उरली नाही. तुमच्या तोंडाला नाही, आतड्याला नाही आणि कॅन्सरलाही नाही."

मला ते एका क्षणात कळलं. सासूबाईंना मी नंतर घरी समजावलं.

"म्हणूनच हे झालं का?" मी विचारलं.

"शपथेवर नाही सांगणार. कॅन्सर आपणहूनही हट्टी झाला असेल. पण हे बंद केल्याशिवाय मला कळणारही नाही. आजपासून बंद. आणि इथून पुढे पाण्याखेरीज काहीही पोटात जाण्याआधी मला विचारायचं."

त्याच संध्याकाळी मी घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. नवरा म्हणाला होता, मी सांगतो. मी म्हटलं, नको, इंजेक्शनं मी घेतलीत. बाकावर चार-पाच पेशंट होते, ते जाईपर्यंत थांबले आणि मग त्यांना सगळं सरळ सांगितलं. तो आकृत्यांचा कागद टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. एकेका गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी तुला औषधावर उतारा देत होतो."

"तुम्हाला कसं माहीत असणार? हे औषध नवीन आहे."

"मी विचारायला हवं होतं, पोरी. तू काय घेतेस हे मी तुला विचारलंच नाही. तोंड पाहिलं आणि गोळी दिली." ते उठले, कपाटापाशी गेले, परत येऊन बसले. "त्या बाई भेटतील का मला?"

बुधवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून ते माझ्याबरोबर आले. मला धाकधूक होती, कारण मोठ्या रुग्णालयातली माणसं उपनगरातल्या जुन्या डॉक्टरांशी कशी बोलतात हे मी पाहिलं होतं. पण डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि तासभर दोघं बोलत बसले. घरच्या डॉक्टरांनी तर वहीच काढली होती. जुलाब लागले तर ते सगळ्यांना सल्फाच्या गोळ्या देत, तर त्या म्हणाल्या, हिला नको, सल्फासुद्धा फॉलिक ॲसिडच्याच वाटेवर घोटाळा करतं आणि रक्तावर दुहेरी मार बसतो. डोकं दुखलं की ॲस्पिरिनची पुडी घ्यायची सवय मला होती. त्याबद्दल त्या म्हणाल्या, "माझी खात्री नाही, पण ह्या गोळ्या लघवीवाटे जायच्या त्या अंगात साठून राहतील असा मला संशय आहे. म्हणून तीही नको."

"मग हिला जुलाब लागले तर मी करू काय?" त्यांनी विचारलं.

"पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका. आणि इथे पाठवा. खरंच जिवावर बेतलं तर उतारा माझ्याकडेही आहे. तो कधी द्यायचा ते मी ठरवीन."

येताना लोकलमध्ये त्यांनी वही पुन्हा चाळली. घाटकोपर गेल्यावर म्हणाले, "बाई हुशार आहेत." आणि थोड्या वेळानं, "आणि तुझी सासूही."

चौथी फेरी झाली. सहाव्या दिवशी सकाळी चहा पिताना ओठ चुरचुरला. मी कप खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "तोंड आलं." आनंद झाला असं म्हणणं बरोबर नाही, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. पण गोळी पोचली होती.

ती फेरी सगळ्यात वाईट गेली. वाटीत एका दिवसात बावीस चिंचोके पडले. गॅलरीतून चालताना भिंतीला धरावं लागे. दुपारी नवरा अर्धी रजा टाकून आला, मला कोपऱ्यात बसलेलं पाहिलं आणि खाली बसून म्हणाला, "त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या अजून कपाटात आहेत. एकच दिवस घेऊ या का? एकच. मला बघवत नाही गं."

त्या क्षणी मला त्या हव्या होत्या. तोंडात आग होती, पोटात सुरी फिरत होती, आणि बरं वाटायचा उपाय चार पावलांवर होता. मी मान हलवली. बोलता येत नव्हतं.

सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिना ठरवल्यान हा, मगे तू गप रव." त्यांनी कपाटातली बाटली काढली, पदराखाली घेतली आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन दवाखान्यात परत देऊन आल्या. ऊन तापलेलं होतं आणि त्यांच्या पायांत चप्पल नव्हती, हे मला शेजारणीकडून नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शौचाला रक्त दिसलं आणि ठरल्याप्रमाणे आम्ही वाट न बघता रुग्णालयात गेलो. दहा दिवस सलाईनवर होते. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांचा उतारा हाताशी ठेवला होता, पण वापरावा लागला नाही. अकराव्या दिवशी मी अर्धी वाटी पेज प्यायले आणि ती पोटात राहिली. बाराव्या दिवशी त्या माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाल्या, "बेडूक पाचवर आलाय."

पुढच्या दोन फेऱ्यांना त्यांनी गोळ्या थोड्या कमी केल्या. तोंड दर वेळी यायचं, जुलाब दर वेळी व्हायचे, पण सोसण्यासारखे. सहाव्या फेरीनंतर लघवीत पाणी न घालता परीक्षा केली, तरी बेडूक गप्प होता. मला वाटलं आता सुटका. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही, अजून दोन फेऱ्या, बेडकाला दिसत नाही एवढं थोडं कुठे उरलं असेल तर त्याच्यासाठी. मी त्याही घेतल्या. शेवटी छातीचा फोटो काढला. त्यांनी तो खिडकीशी धरला आणि मला हाक मारून दाखवला. डाग नव्हते.

घरच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीवर वेळांच्या खाली एक ओळ रंगवून घेतली: 'दुसरीकडचे कोणतेही औषध चालू असल्यास आधी सांगावे.' लोक विचारायचे, हे काय नवीन? ते सांगायचे, आमच्या मास्तरीणबाईंनी शिकवलं. ते ऐकून मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण त्यांनी कधी ती गोष्ट दुसऱ्या कशावर ढकलून सांगितली नाही. "मी चुकलो होतो," असंच सांगायचे.

शाळेत मी पुढच्या जूनमध्ये परत गेले. डोक्यावर केस बोटभर उगवले होते, म्हणून पदर घट्ट घेऊन वर्गात जायची. पोट मात्र सरळ व्हायला वर्ष गेलं. दूध पचत नव्हतं, भाजलेलं काही खाल्लं की मुरडा यायचा. सासूबाईंनी एकेक पदार्थ परत सुरू केला. आधी मऊ भात, मग मुगाचं वरण, मग भोपळा, मग कधीतरी दिवाळीच्या सुमाराला बांगड्याचं तिखलं, तेही अर्धा तुकडा, आणि मी तो खाताना त्या समोर बसून होत्या. तीन वर्षांनी डॉक्टरबाईंच्या परवानगीनं मला पुन्हा दिवस गेले आणि मुलगी झाली. साधी, निरोगी, रडकी.

त्याच्या आधीच डॉक्टरबाईंनी एक काम माझ्यावर टाकलं होतं. त्यांच्याकडे कुणी नवी बाई ह्या गोळ्यांसाठी आली, की त्या तिला मुलुंडला माझ्याकडे पाठवायच्या. पहिली आली ती घाटकोपरची. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं, लग्नाला दोन वर्षं झालेली, चेहरा भीतीनं पांढरा पडलेला. मी तिला गार पेज कशी करायची ते सांगितलं, तोंडाला काय लागतं आणि काय लागत नाही ते सांगितलं, रक्त दिसलं तर थांबायचं नाही हे दोनदा सांगितलं. मग विचारलं, "आणखी काय घेतेस तू?"

"काही नाही," ती म्हणाली.

"मीही असंच म्हणाले होते. पिशवी दाखव."

ती ओशाळली. पिशवीतून एक टॉनिकची बाटली निघाली, सासरच्या वैद्याची पुडी निघाली, आईनं दिलेला अंगारा निघाला. अंगारा मी तिला परत दिला. "हा कपाळाला लाव, खायचा नाही," मी म्हटलं. "बाकी दोन्ही वस्तू डॉक्टरबाईंना नेऊन दाखव. त्या हो म्हणाल्या तर घे."

"त्या रागावतील."

"नाही रागावत. माझ्यावर नाही रागावल्या."

सासूबाई आत पोहे करत होत्या. ती दोन घास खाऊन गेली. पुढच्या महिन्यात परत आली तेव्हा ओठ सुजले होते, जेमतेम बोलता येत होतं आणि गळ्याभोवती मफलर होता. नवरा बरोबर होता. वैद्याची पुडी बाईंनी बंद करायला सांगितली होती, टॉनिकही. तिची सासू त्यावरून अजून धुसफुसत होती. तिला आणखी दोन फेऱ्या घ्यायच्या होत्या. मी तिला आत नेऊन बसवलं आणि पंखा लावला.